वार्धक्यात स्वतःच्या घरी : राहत्या वास्तूतील आवश्यक फेरबदल

घर बांधताना माणूस सामान्यतः आपल्या उमेदीच्या वयाचा विचार करतो. जोते उंच असावे, ओटी ऐसपैस असावी, माळ्यावर वर्षाचे धान्य व लाकूडफाटा राहावा, न्हाणी व संडास घरापासून अंतरावर असावेत, अशी त्याची अपेक्षा असते. तिशी-चाळिशीतील धडधाकट माणसाला अशा घरात कोणतीच अडचण भासत नाही. तीच वास्तू तीस वर्षांनंतर त्याच माणसाच्या वाटेत पावलोपावली उभी राहते. पायऱ्या तेवढ्याच असतात, उंबरठाही तेवढाच असतो. गुडघे मात्र पूर्वीचे राहिलेले नसतात.

वृद्धांच्या प्रश्नाची चर्चा बहुधा निवृत्तिवेतन, औषधोपचार व वृद्धाश्रम या तीन विषयांभोवती फिरते. राहत्या घराचा विचार त्यात क्वचितच होतो. वस्तुतः बहुसंख्य वृद्धांची इच्छा साधी असते. ज्या घरात आयुष्य गेले त्याच घरात, ओळखीच्या शेजारात, स्वतःच्या हातांनी आपले व्यवहार करीत उरलेले दिवस जावेत, एवढेच त्यांना हवे असते. ही इच्छा पुरी होणे अनेकदा एखाद्या कठड्यावर, तीन फुटी दारावर किंवा संडासातील एका नळीवर अवलंबून असते. ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व क्षेत्रीय अधिकारी यांनी हा विषय समजून घेणे यासाठी अगत्याचे आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात ६० वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींची संख्या १० कोटी ३८ लाखांच्या घरात होती. एकूण लोकसंख्येशी हे प्रमाण ८.६ टक्के पडते. महाराष्ट्रात ते ९.९ टक्के, म्हणजे दर दहा माणसांमागे जवळजवळ एक असे होते. राज्याच्या सर्व भागांत मात्र परिस्थिती सारखी नाही. मुंबईकडे पिढ्यान् पिढ्या माणसे पाठविणाऱ्या कोकणाचे उदाहरण घ्यावे. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. २०११ साली रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ व सिंधुदुर्गात १०३६ स्त्रिया होत्या. या आकड्यांमागे जे चित्र आहे ते कोकणात फिरणाऱ्या कोणाही ग्रामसेवकाच्या परिचयाचे आहे. मुलगा-सून चाकरमानी, नातवंडे मुंबईच्या शाळेत, आणि गावच्या मोठ्या घरात एकटी आजी, फार तर आजी-आजोबा. गणपतीला व शिमग्याला घर भरते; उरलेले दिवस त्या घराशी तिलाच एकटीने निभावून न्यावे लागते.

पडणे आणि त्यानंतर

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून मृत्युमुखी पडतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल हेच कारण आहे, आणि प्राणघातक पडण्याचे सर्वाधिक प्रमाण ६० वर्षांवरील व्यक्तींमध्ये आढळते. मृत्यूचा आकडा मोजता येतो. पण एरवी जे घडते त्याची कोठेच नोंद होत नाही. पावसाळ्याच्या दिवसांत आजी न्हाणीत घसरते आणि खुब्याचे हाड मोडते. तालुक्याच्या ठिकाणी उपचार होतात, हाड जुळते. परंतु मनात भीती बसते. मग परसात जाणे थांबते, देवळात जाणे थांबते. हालचाल कमी झाली की स्नायू अधिकच दुबळे होतात आणि पुन्हा पडण्याचा संभव वाढतो. काही महिन्यांत चालती-फिरती बाई अंथरूण धरते. 'वयच झाले होते' असे म्हणून शेजारीपाजारी हळहळतात. वय झाले होते हे खरेच, पण न्हाणीची फरशी गुळगुळीत होती आणि धरावयास काही नव्हते, हेही तितकेच खरे असते.

या संदर्भात अलीकडच्या एका प्रघाताचा उल्लेख करणे भाग आहे. मुलगा शहरात स्थिरावला की गावचे घर 'चांगले' करण्याकडे त्याचा ओढा असतो. शेणाने सारवलेली जमीन किंवा कोबा जाऊन तेथे आरशासारखी चकाकणारी फरशी येते. पायऱ्यांवर पॉलिश केलेला ग्रॅनाइट बसतो. पैसा बराच खर्च होतो, घर देखणे दिसते, आणि आईच्या दृष्टीने ते पूर्वीपेक्षा धोक्याचे होऊन बसते. सारवलेल्या जमिनीवर अनवाणी पाय धरून राहत असे. ओल्या चकचकीत फरशीवर तो राहत नाही. फरशी बदलावयाचीच असेल तर खडबडीत पृष्ठभागाची घ्यावी. न्हाणी, मोरी, पडवी व पायऱ्या या चार ठिकाणी तरी चकाकीचा मोह टाळावा. शहाबादी फरशी पॉलिश न करता वापरली तर ती स्वस्त पडते व पायही धरते.

जोते, पायऱ्या व उतार

कोकणातील घराचे जोते पावसासाठी उंच असते, तर देशावरील जुन्या वाड्यांना दगडी व बहुधा उंच पायऱ्या असतात. एकेक पायरी आठ-नऊ इंचांचीही आढळते. सार्वजनिक इमारतींच्या सुगमतेसाठी केंद्र शासनाने २०२१ साली सुधारित मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार पायरीची उंची १५ सेंटीमीटरपेक्षा अधिक व रुंदी ३० सेंटीमीटरपेक्षा कमी असू नये. ही तत्त्वे खाजगी घरांवर बंधनकारक नसली तरी मापे घेण्यासाठी त्यांच्याइतका भरवशाचा आधार दुसरा नाही. जुन्या तीन पायऱ्यांच्या जागी पाच कमी उंचीच्या पायऱ्या बांधणे हे गवंड्याचे दोन-तीन दिवसांचे काम आहे.

चाकाच्या खुर्चीसाठी उतार लागतो. त्याचे प्रमाण एकास बारा असे असावे, म्हणजे एक फूट चढण्यासाठी बारा फूट लांबी. हा हिशेब प्रत्यक्षात करून पाहिला की अडचण कळते. जोते ४५ सेंटीमीटरचे असेल तर उतार सुमारे साडेपाच मीटर, म्हणजे अठरा फूट लांब होतो. जोते ७५ सेंटीमीटरचे असल्यास तो ९ मीटरचा होतो, शिवाय मध्ये विसाव्यासाठी किमान दीड मीटरचा सपाट टप्पा हवा. अंगण मोठे असेल तर भिंतीच्या कडेने काटकोनात वळवून तो बसविता येतो. जागा नाही म्हणून एकास पाच किंवा सहा असा तीव्र उतार बांधला, तर तो न बांधलेला बरा. अनेक सार्वजनिक कार्यालयांसमोर असे घसरगुंडीवजा उतार दिसतात. त्यांवरून चाकाची खुर्ची चढत नाही. कर्मचाऱ्यांच्या दुचाक्या मात्र विनासायास चढतात.

उतार केला की घर सुगम झाले, ही समजूतही पूर्णतः बरोबर नाही. जो वृद्ध काठी टेकीत चालतो, त्याला उतारावरून खाली येणे अनेकदा पायऱ्यांपेक्षा अवघड जाते. तोल पुढे जातो, गुडघ्यावर भार येतो. त्याच्यासाठी कमी उंचीच्या रुंद पायऱ्या व दोन्ही बाजूंस कठडा हीच व्यवस्था अधिक उपयोगी ठरते. घरात कोण राहते, ते कसे चालते, हे पाहूनच निर्णय घ्यावा.

कठडा ८५ ते ९० सेंटीमीटर उंचीचा असावा. त्यासाठी सव्वा इंची जस्तलेपित नळी चांगली, कारण ती मुठीत नीट बसते. फार जाड लाकूड किंवा चौकोनी रुंद कट्टा हाताला धरता येत नाही. तो केवळ शोभेचा होतो. नळी व भिंत यांत बोटे जातील इतके, किमान ५ सेंटीमीटर अंतर हवे, आणि पहिल्या व शेवटच्या पायरीच्या पुढे ती एक फूटभर लांब ठेवावी. खरा आधार लागतो तो पायरी सुरू होताना व संपताना. जांभ्याच्या चिऱ्यांवर पावसाळ्यात शेवाळ धरते. मृगापूर्वी पायऱ्या ब्लीचिंग पावडरने घासून घेणे आणि वर पत्र्याची किंवा झापांची पडवी काढणे, ही दोन कामे गावात कोणीही करू शकतो. पायरीच्या कडेवर दोन बोटे रुंदीचा पिवळा किंवा पांढरा पट्टा ओढावा. मोतीबिंदूने अधू झालेल्या डोळ्यांना एकाच रंगाच्या दोन पायऱ्यांमधील फरक कळत नाही. घरात कोठेतरी मध्येच असलेली एकुलती एक पायरी सर्वांत फसवी असते. तिला हा पट्टा अवश्य असावा.

उंबरठा

उंबरठ्याचा प्रश्न केवळ बांधकामाचा नाही. नवी सून माप ओलांडते ते उंबरठ्यावरून. सणासुदीला हळदकुंकू वाहिले जाते तेही उंबरठ्यालाच. 'उंबरठा काढून टाका' असा सल्ला देणाऱ्याला वृद्ध स्त्रीच प्रथम विरोध करील, आणि तिचे चुकते असेही म्हणता येणार नाही. परंतु उंबरठा राखूनही वाट सुकर करता येते. दोन्ही अंगांना लाकडी पाचरीसारखे चढ-उतार सुताराकडून करवून घेऊन ते पक्के बसवावेत. उंबरठा जागच्या जागी राहतो आणि पाऊल अडखळत नाही. आतील खोल्यांच्या उंबरठ्यांना असे धार्मिक महत्त्व नसते. ते जमिनीच्या पातळीस आणण्यास हरकत नसावी. न्हाणीचा उंबरठा पाणी अडविण्यासाठी असतो. त्याऐवजी न्हाणीच्या जमिनीला आतील बाजूस ढाळ दिला की तेच काम साधते.

दारांची रुंदी हा दुसरा अडथळा. चाकाची खुर्ची साधारणतः ६५ सेंटीमीटर रुंद असते आणि ती ढकलणाऱ्या हातांना दोन्हीकडे थोडी जागा लागते. म्हणून मोकळी वाट ९० सेंटीमीटरची असावी असे सांगितले जाते. आपल्याकडे न्हाणी-संडासाचे दार अडीच फुटी, कित्येकदा दोन फुटी असते. चौकटीचे लाकूड व उघडलेल्या फळीची जाडी वजा जाता अडीच फुटी दारातही मोकळी वाट सव्वादोन फुटांच्या आतच उरते. शिबिरात मिळालेली चाकाची खुर्ची ओटीवरच धूळ खात पडलेली दिसते, याचे कारण बहुतेक वेळा हे असते. खुर्ची देण्यापूर्वी दार मोजले असते तर ही वेळ आली नसती.

न्हाणी व संडास

घरातील इतर सर्व सुधारणा पुढे ढकलल्या तरी चालतील, पण ही एक पुढे ढकलू नये. शौचास जाण्यासाठी दुसऱ्याच्या मदतीची गरज पडू लागली की वृद्ध माणूस मनाने खचतो. कित्येक वृद्ध स्त्रिया रात्री उठावे लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणी पिणेच सोडून देतात. त्या हे कोणास सांगत नाहीत, आणि सुनेला वा मुलाला ते विचारण्याचे सुचत नाही.

स्वच्छ भारत अभियान २०१४ साली सुरू झाल्यानंतर वैयक्तिक शौचालयासाठी १२,००० रुपयांचे प्रोत्साहन अनुदान देण्यात आले व गावोगावी शौचालये उभी राहिली. परसाकडे जाण्याची पायपीट त्यामुळे संपली, हा मोठाच लाभ होय. तथापि बहुतेक शौचालये उकिडवे बसण्याची आहेत, आणि संधिवाताने आखडलेल्या गुडघ्यांना नेमके तेच जमत नाही. नवे भांडे बसविणे परवडत नसेल तर मध्यभागी पोकळ बैठक असलेली कमोड खुर्ची जुन्या भांड्यावर ठेवावी. तिची उंची ४५ ते ४८ सेंटीमीटर असावी. तिच्या पायांना रबरी टोपण हवेच, अन्यथा ओल्या फरशीवर खुर्चीच सरकते.

बाजूच्या भिंतीला बैठकीपासून वीसेक सेंटीमीटर वर एक आडवी नळी व उठताना धरण्यासाठी पुढे एक उभी नळी बसवावी. येथे गवंड्याकडून एक चूक वारंवार होते. टाइल्सच्या वरच्या थरात स्क्रू पिळून नळी बसविली जाते; ती दिसण्यात पक्की असते आणि एक दिवस आजोबांच्या भाराने उपटून हातात येते. जांभ्यात नुसता स्क्रू टिकत नाही. भोक मोठे पाडून त्यात सिमेंट भरून खुंटी रोवावी लागते. भिंत मातीची असेल तर तिच्यावर विसंबूच नये. जमिनीत उभा खांब गाडून त्यास आडवी नळी जोडावी. काम संपल्यावर गवंड्याने स्वतः त्या नळीला लोंबकळून दाखवावे, आणि मगच मजुरी चुकती करावी.

दार बाहेरच्या बाजूस उघडणारे असावे, याकडे तर हमखास दुर्लक्ष होते. अरुंद संडासात माणूस आत पडला तर त्याचे शरीर दाराला अडते आणि आत उघडणारे दार बाहेरून ढकलता येत नाही. बिजागऱ्या बदलून दार बाहेर उघडते करणे हे सुताराचे अर्ध्या दिवसाचे काम आहे. कडी बाहेरूनही उघडता येईल अशी असावी. दिव्याचे बटण आत न ठेवता दाराबाहेर, हाताच्या उंचीवर असावे, आणि अंथरुणापासून न्हाणीपर्यंतच्या वाटेवर रात्रभर एक मंद दिवा जळता ठेवावा. स्नानासाठी पाटाऐवजी पाठ असलेली प्लास्टिकची भक्कम खुर्ची चालते. बादली चौरंगावर ठेवली की वाकावे लागत नाही. उकळत्या पाण्याचा बंब न्हाणीच्या दाराशी असल्यास तो प्रथम बाजूस हलवावा.

केंद्र शासनाच्या पेयजल व स्वच्छता मंत्रालयाने दिव्यांगांसाठी सुगम घरगुती शौचालयांविषयी २०१५ साली एक पुस्तिका प्रसिद्ध केली आहे. तीत कमी खर्चाचे अनेक उपाय सुचविले आहेत. पंचायत समित्यांच्या अभियंत्यांनी ती पाहावी.

शहरातील परिस्थिती

शहरांत प्रश्न निराळे आहेत. तळमजला अधिक तीन वा चार मजल्यांच्या, उद्वाहन नसलेल्या असंख्य इमारतींत पहिल्या पिढीचे सभासद आता सत्तरी ओलांडून गेले आहेत. चौथ्या मजल्यावरचे आजोबा महिनोन् महिने खाली उतरलेले नसतात. उद्वाहन बसविण्यास सर्वसाधारण सभेची संमती, पैसा व जागा तिन्ही लागतात, आणि तळमजल्याचे सभासद खर्चास सहजी तयार होत नाहीत. तोपर्यंत जिन्याच्या भिंतीकडील बाजूसही कठडा लावणे, प्रत्येक वळणावर बसण्यास एक बाकडे ठेवणे व जिन्यात पुरेसा उजेड करणे एवढे तरी संस्थेच्या व्यवस्थापक समितीने करावे. चाळींतून संडास गॅलरीच्या टोकाला असतो. तेथे खोलीतच पडद्याआड कमोड खुर्चीची सोय करण्यावाचून गत्यंतर नसते. नव्या बांधकामांच्या बाबतीत महारेराने २०२४ साली ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या गृहप्रकल्पांना किमान निकष ठरवून दिले. ते योग्यच झाले, पण त्यांचा लाभ नवे घर घेऊ शकणाऱ्यांपुरता मर्यादित आहे.

पंचायत व शाळा यांना काय करता येईल

साधने देणाऱ्या योजना आहेत. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ साली सुरू झाली. तीतून गरजू ज्येष्ठांना काठ्या, वॉकर, श्रवणयंत्रे, चाकाच्या खुर्च्या इत्यादी साधने विनामूल्य मिळतात. राज्याने २०२४ साली सुरू केलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षे पूर्ण केलेल्या, २ लाख रुपयांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या व्यक्तीच्या बँक खात्यात एकवेळ ३,००० रुपये जमा करण्याची तरतूद करण्यात आली. कमोड खुर्ची त्या साधनांत समाविष्ट आहे. मात्र या योजनांचा भर हाती देण्याच्या साधनांवर आहे. ते साधन ज्या घरात वापरावयाचे त्या घराचे काय, हा प्रश्न शिल्लक राहतो. तो गावपातळीवरच सुटण्याजोगा आहे. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावयाची असते. अनेक ठिकाणी ती वर्षअखेरीस सरसकट समान वाटून टाकली जाते. चालण्यास असमर्थ असलेले प्रमाणपत्रधारक वृद्ध गावात असतील, तर त्यांच्या घरी कठडा व शौचालयातील नळ्या बसविण्याकडे ही रक्कम का वळवू नये, याचा विचार ग्रामसभेत व्हावा.

नव्या घरकुलांच्या बाबतीत तर खर्चाचा प्रश्न जवळजवळ उद्भवतच नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या २५ चौरस मीटरच्या घरात अडीच फुटीऐवजी तीन फुटी दार, बाहेर उघडणारे शौचालय व एक बेताचा उतार हे आराखड्याच्या वेळीच ठरविले तर वाढीव खर्च नगण्य असतो. नंतर भिंत फोडून तेच करावयाचे म्हटले की खर्च कित्येक पटींनी वाढतो.

स्वतःच्या कार्यालयाकडेही पंचायतीने पाहावे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती नियम अधिसूचित झाल्यापासून ५ वर्षांत सुगम करावयाच्या होत्या. ही मुदत २०२२ सालीच संपली. स्वस्त धान्य दुकान, टपाल कार्यालय, आरोग्य उपकेंद्र यांच्या पायऱ्या चढता येत नसतील तर घरात कितीही सोयी केल्या तरी वृद्धाचे जग ओटीपाशीच संपते.

माध्यमिक शाळांतील शिक्षकांना हा विषय मापन व भूमितीच्या तासाला घेता येईल. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरातील दारांची रुंदी, पायऱ्यांची उंची, जोत्याची उंची मोजून आणावी आणि एकास बारा या प्रमाणात किती लांबीचा उतार लागेल ते काढावे. गावातील कोणत्या घरात एकटे वृद्ध आहेत आणि तेथे प्रथम काय करावयास हवे, याची यादी यातूनच तयार होऊ शकते. ग्रामपंचायतीला ती आयती मिळेल.

शेवटी, निर्णय कोणाचा, हा प्रश्न राहतो. मुंबईहून आलेला मुलगा चार दिवसांच्या सुट्टीत सारे बदलून टाकतो, आणि ज्या कोनाड्यात आईचा हात अंधारातही जात असे तो कोनाडाच नाहीसा होतो. फेरबदल करताना वृद्धांना विचारून, त्यांना त्या वाटेवरून चालावयास लावून, त्यांचा हात कोठे आधार शोधतो ते पाहून नळी बसवावी. घर कोणाच्या नावे आहे यालाही महत्त्व आहे. घर मुलाच्या नावे करून देताना सांभाळाची अट दस्तात लिहिलेली असेल आणि पुढे सांभाळ झाला नाही, तर आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ च्या कलम २३ खाली ते हस्तांतरण रद्द ठरविण्याचा अधिकार उपविभागीय पातळीवरील न्यायाधिकरणास आहे. ज्येष्ठांना सल्ला व साहाय्य देण्यासाठी १४५६७ हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आहे. तो ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि त्याबरोबरच एकट्या राहणाऱ्या प्रत्येक वृद्धाच्या घरी, दूरध्वनीजवळच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घ्यावा.